अठरा मिलिमीटर

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आधी हे वाच: मी जिवंत आहे, उठून बसले आहे आणि हे पत्र माझ्याच हाताने लिहिते आहे. आता घोटभर पाणी पी आणि पुढचं वाच.

गेल्या महिन्यात मी अकरा दिवस हॉस्पिटलात होते. उजव्या बरगडीखाली मधून मधून कळ यायची. मी आपली अपचन, अपचन म्हणत सोडून देत होते. मग एका सकाळी अशी थंडी भरून आली की हातातला ब्रश तोंडात जाईना. सून माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुमचे डोळे पिवळे झालेत." त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. स्ट्रेचर, छताचे दिवे, कुणीतरी घशात फवारा मारला तो कडू.

काय झालं ते आता कळलंय. पित्ताशयात खडे होते, त्यातला एक घसरून पित्ताच्या नळीत येऊन बसला. नळी तुंबली, पित्त साचलं, त्यात जंतू झाले. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी खडा काढायला बघितलं, पण खडा नळीच्या तोंडापेक्षा मोठा. म्हणून त्याच्या बाजूने प्लास्टिकची एक बारीक नळी सरकवून ठेवली, तिला स्टेंट म्हणतात. पित्ताला वाट झाली, ताप उतरला, मी घरी आले. खडा आहे तिथेच आहे.

आता पुढे काय, हे मी विचारलं. चिरंजीव म्हणाले, "काही नाही गं आई, झालं सगळं. स्टेंट पुरे आहे, डॉक्टरच म्हणालेत." आणि माझी उशी सारखी करायला लागले. छत्तीस वर्षं मी लिफ्टच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर काढली. "झालं सगळं" म्हणत ज्याने ज्याने माझ्या टेबलावर कागद आणून टाकला, त्यातला एकही पुरा झालेला नव्हता. स्वतः गणिताचा मास्तर असलेल्या मुलाने तरी असं उत्तर देऊ नये.

फोन का केला नाहीस, म्हणशील. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं लोक सांगत नाहीत. म्हणून पत्र.

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दुकानातच उघडलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. समोर एक गिऱ्हाईक दंडाचं माप देऊन उभं होतं, ते तसंच हात वर करून उभं राहिलं.

तू बरी आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. आता माझं ऐक. ज्या गोष्टीने उतार पडला तिला छेडू नये. स्टेंट बसला, ताप गेला, डोळे पांढरे झाले, आणखी काय पाहिजे? भाचा तुझ्या जिवाला जपणारा आहे. तो म्हणतो पुरे, तर पुरे.

माझ्याकडे कोट शिवायला येणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या मेहुण्याचे खडे कसल्याशा पुड्या घेऊन विरघळले म्हणे. पत्ता मागवू का? त्यात कापाकापी नाही की भूल नाही.

चौऱ्याहत्तर वय आहे तुझं. हृदयात आधीच एक स्टेंट आहे. शांत राहा, हलकं खा, दुपारी पड. माझ्यासाठी एवढं कर.

तुझा धाकटा


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

दुपारी पडले नाही. हॉस्पिटलात जाऊन आले.

चिरंजीव शाळेत गेले तशी मी सुनेला म्हटलं, "तू आज रजा टाक आणि तुझी ती जाड वही घे." ती लायब्ररीत कामाला आहे, तुला माहीत आहे, अक्षर छापल्यासारखं आणि तोंड बंद. वाटलं होतं आढेवेढे घेईल. ती म्हणाली, "मी कालच टाकून ठेवलीये." चौदा वर्षं एका छपराखाली राहतोय आम्ही, आणि मला ही बाई अजून कळली नव्हती.

मोठ्या डॉक्टरांकडे गेलेच नाही. ते सगळं माझ्या डोक्यावरून मुलाशी बोलतात. खोलीत मी असते, पण टेबलाखुर्चीसारखी. गेले ती ज्या बाईंनी दुर्बीण घातली होती त्यांच्याकडे. वयाने माझ्या निम्म्या. मी यंत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "मला कमी ऐकू येतं, कमी कळत नाही. तुम्ही बोला, ही लिहील, मी वाचेन." बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. चाळीस मिनिटं.

तर आता नीट वाच. खडा अठरा मिलिमीटर. नळीचं आतड्यात उघडणारं तोंड त्याच्या निम्मंही नाही. रस्ते तीन.

एक, स्टेंट तसाच ठेवायचा. पण तो कायमचा नसतो! तीनेक महिन्यांत गाळ साचून तुंबतो, बदलावा लागतो, नाही बदलला तर पुन्हा तोच ताप, आणि तो ताप जीव घेऊ शकतो. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही.

दोन, पुन्हा दुर्बीण. नळीचं तोंड फुग्याने रुंद करायचं आणि खडा तारेच्या जाळीत धरून चिरडायचा. तेवढ्याने भागलं नाही तर मोठ्या दुर्बिणीतून एक बारीक दुर्बीण थेट नळीत घालायची आणि खडा डोळ्यांनी बघत लेझरने फोडायचा. कधी एका खेपेत होतं, कधी दोन.

तीन, ऑपरेशन. पोटाला भोकं पाडून किंवा चीर देऊन नळी उघडायची, खडा आणि पित्ताशय एकदमच काढायचं. माझ्या हृदयाकडे बघता बाईंना हा पहिला रस्ता म्हणून नको वाटतो.

दुसऱ्यात धोका काय, विचारलं. त्यांनी लपवलं नाही. शंभरातल्या पाच-सात जणांना स्वादुपिंडाला सूज येते, एखाद-दुसऱ्याला रक्तस्राव, क्वचित कुणाला नळीला भोक. रक्त पातळ करायची माझी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून काही दिवस बंद ठेवावी लागेल. आणि सगळं पार पडल्यावर पित्ताशय काढायचंच, नाहीतर तिथून दुसरा खडा उतरेल.

तुझ्या पुड्यांचंही विचारलं. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. एवढा खडा विरघळवणारं औषध त्यांच्या माहितीत नाही, आणि पुड्या खात बसण्यात वेळ जाईल तो माझा.

घरी येऊन ड्रॉइंगचा बोर्ड काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि नळी, खडा, स्टेंट, सगळ्याचा छेद मापात काढला. सोबत पाठवतेय. बघ आणि सांग, ही वस्तू मी आत ठेवून घेऊ?

मी दुसरा रस्ता घेणार. चिरंजिवांना अजून सांगितलेलं नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

चित्र बघितलं. उलटं करून ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

तू धाडसी आहेस हे सगळ्या जगाला माहीत आहे, ते माझ्यापुढे सिद्ध करू नकोस. शंभरातले पाच-सात म्हणजे तुला लहान आकडा वाटतो. मला त्यातली एक तू दिसतेस.

आपल्या आईचं विसरलीस का? तीही ऑपरेशनसाठी चालत गेली होती हॉस्पिटलात. "चार दिवसांत येते" म्हणाली होती. मी अकरा वर्षांचा होतो, तू पंधराची. शेजारच्या काकूंकडे आपल्याला ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी काकूंनी मला मांडीवर घेतलं. अकरा वर्षांच्या घोड्याला कुणी मांडीवर घेतं का? तेव्हाच मला कळलं. त्या दिवसानंतर मी हॉस्पिटलची पायरी चढलेलो नाही. बायकोच्या दोन्ही बाळंतपणांतही रस्त्यापलीकडे उभा होतो. हसतात लोक, हसू देत.

तुला टाके पडलेले मला बघवणार नाहीत. आणि कशासाठी? डॉक्टर म्हणालेच आहेत ना की जी चार-पाच वर्षं आहेत त्यांना स्टेंट पुष्कळ झाला, मग उगाच कशाला उसवायचं. तीन महिन्यांनी बदलायचा तर बदलू. चार-पाच वर्षं सुखाने बस आमच्यात. एवढंच मागतो.

धाकटा


२८ फेब्रुवारी

धाकट्या,

"जी चार-पाच वर्षं आहेत."

हे वाक्य मी तुला लिहिलेलं नाही. माझ्याजवळ कुणी बोललेलंही नाही. सुनेच्या वहीत नाही, दुर्बिणवाल्या बाईंच्या तोंडून आलेलं नाही. मग ते तुझ्याकडे कसं पोचलं?

मी सांगते. मोठे डॉक्टर ते माझ्या मुलाशी बोलले. मुलाने तुला फोन केला. आणि तुम्ही दोघांनी मिळून माझी वर्षं मोजली, कापड मोजावं तशी.

दगड माझ्या पोटात, आणि पोटात ठेवताय तुम्ही.

आईच्या वेळी मी पंधराची होते. काकूंनी मला मांडीवर घेतलं नाही. मला कुणी काहीच सांगितलं नाही. मी तिचं पातळ धुऊन वाळत घातलं होतं, ती आल्यावर नेसेल म्हणून. तू त्यातून ऑपरेशनला भ्यायला शिकलास. मी काय शिकले ते तुला एव्हाना कळायला हवं होतं.

पत्र लिहू नकोस.


५ मार्च

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. यापूर्वी तुझं कधी मोडलं नव्हतं.

खरं आहे. भाच्याचा फोन आला होता, तुझं पहिलं पत्र पोचण्याच्याही आधी. रडत होता. इतका मोठा माणूस, शाळेत पोरं चळचळ कापतात त्याला, आणि फोनवर हुंदके देत होता. म्हणाला, "मामा, डॉक्टर म्हणतात आता मागे लागू नका, वय झालंय, हृदय नाजूक आहे, स्टेंटवर काढतील चार-पाच वर्षं. आईला हे सांगायची माझी हिंमत नाही. ती हट्ट करेल. तुमचं ऐकते ती, तुम्ही तिला वळवा." आणि मी हो म्हणालो. तुझं पत्र आलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. कात्री खाली ठेवली ते खोटं. कात्री दोन दिवस आधीच खाली ठेवली होती.

पातळाचं मला माहीत नव्हतं. एकोणसाठ वर्षांत तू कधी बोलली नाहीस. काल दुकान उघडून बसलो आणि सबंध सकाळ एका शर्टाला बटण लावलं, तेही उलट्या बाजूने.

मी भाच्याला फोन करून सांगितलंय की मी आता त्याच्या कटात नाही. "आईला सगळं सांग, नाहीतर मी सांगतो." तो म्हणाला, "तिला आधीच कळलंय मामा. ती माझ्याशी चार दिवस बोललेली नाही."

तू दुसरा रस्ता घे. मला भीती वाटते ती वाटू दे. तिचं काय करायचं ते मी बघीन.

दोन ओळी पाठव. शिव्या दिल्यास तरी चालतील.

धाकटा


१९ मार्च

मामांना नमस्कार.

आईंच्या वतीने मी लिहिते आहे. तुम्हाला कळवायचं का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "कळव. पण रडगाणं नको, नुसती हकिगत लिही." म्हणून हकिगत लिहिते.

सोमवारी दुपारी आईंना पुन्हा थंडी वाजून ताप आला. स्टेंट दोनच महिन्यांत तुंबला होता. लगेच भरती केलं. त्याच दिवशी दुर्बिणीने जुना स्टेंट काढून नवा टाकला आणि शिरेतून औषधं चालू केली. आज ताप नाही. डोळे थोडे पिवळे आहेत. काल त्यांनी मला हॉस्पिटलच्या जेवणाबद्दल तीन तक्रारी लिहून घ्यायला लावल्या, त्यावरून तब्येतीचा अंदाज तुम्हाला येईल.

मोठे डॉक्टर यांना म्हणाले की स्टेंट बदलला आहे, शनिवारी घरी न्या. आईंनी माझ्या वहीत मोठ्या अक्षरांत "नाही" लिहिलं आणि वही डॉक्टरांसमोर धरली.

हे रोज शाळा सुटली की येऊन पलंगाशी बसतात. आई यांच्याशी बोलत नाहीत, पण यांनी आणलेलं पेपरातलं कोडं सोडवतात.

तुमचं ५ तारखेचं पत्र त्यांच्या उशीखाली आहे. त्यांनी उत्तर दिलेलं नाही, तरी तीनदा वाचलंय, हे मी माझ्या जबाबदारीवर सांगते.


१ एप्रिल

धाकट्या,

सून चुगलखोर आहे. पत्र चारदा वाचलं.

आता हकिगत ऐक. ताप उतरल्यावर मी घरी जायला साफ नकार दिला. म्हटलं, ज्या बाईंनी मला तीन रस्ते सांगितले त्यांना बोलवा. त्या आल्या, हृदयवाले आले, गोळीचं ठरलं, तारीख ठरली: २७ मार्च, सकाळी दहा.

त्या दिवशी नर्स संमतीचा फॉर्म घेऊन आली आणि सवयीने माझ्या मुलाच्या हातात दिला. त्यानेही सवयीने खिशातलं पेन काढलं. मागच्या वेळी मी तापात बरळत होते, त्यानेच सही केली होती. ते बरोबर होतं. या वेळी मी सरळ बसले होते, चष्मा लावून.

मी म्हटलं, "हा फॉर्म कुणाच्या पोटाचा आहे?"

नर्स म्हणाली, "आजी, नातेवाइकांची सही..."

"नातेवाइकांची घ्या की, साक्षीदार म्हणून. आधी माझी."

तीन पानं होती. मी तिन्ही वाचली. मास्तर बाजूला उभे. दुसऱ्या पानावर जिथे जीव जाण्याचा धोका लिहिला होता तिथे मी बोट ठेवलं आणि त्याला म्हटलं, "हे वाचलंस?" इतक्या दिवसांनी त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तो म्हणाला, "वाचलं." मी म्हटलं, "मीही वाचलं. बघ, वाचून काही मेले नाही." मग सही केली, पूर्ण नावाची. त्याने खाली साक्षीदाराची केली. मी त्याचं मनगट धरून ठेवलं, ते मला आत नेईपर्यंत.

आतलं काय सांगू, मला भूल होती. बाईंनी नंतर सांगितलं: फुग्याने तोंड रुंद झालं, पण खडा जाळीत मावेना. मग बारीक दुर्बीण आत घालून लेझर मारला. अर्धा फुटला, अर्धा दगड तो दगडच. दीड तास झाला होता, माझ्या हृदयाचे ठोके त्यांना आवडेनात, म्हणून थांबल्या आणि परत स्टेंट टाकला.

त्यानंतर दोन दिवस पोटात जे दुखलं ते तुझ्यापासून लपवत नाही. पाठीपर्यंत आरपार. शंभरातले ते पाच-सात, त्यांत मी निघाले; स्वादुपिंडाला सूज. तोंडाने पाण्याचा थेंब नाही, नुसती सलाईन. मोठे डॉक्टर दारात उभे राहून मुलाला म्हणाले, "मी आधीच सांगत होतो." मी ओठ वाचायला शिकले आहे, हे त्यांना माहीत नाही.

मुलाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा म्हणणार, आई, पुरे. तो पलंगाशी वाकला आणि वहीत लिहिलं: "पुढची तारीख घेऊ ना?"

मी रडले रे. दुखत होतं म्हणून, असं त्यांना सांगितलंय.

सूज उतरली. काल पेज प्यायले. पुढची तारीख १५ एप्रिल. अर्ध्यावर सोडणार नाही.

ताई


७ एप्रिल

ताई,

मी १४ तारखेला येतोय. दुकानाला पाटी लावली आहे. भाच्याला स्टँडवर घ्यायला सांगितलंय. तू "येऊ नकोस" असं लिहिलंस तर ते पत्र मी निघाल्यावर पोचेल, अशा बेताने हे टाकतोय.

धाकटा


२१ एप्रिल

ताई,

सुखरूप पोचलो. तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहितो.

हॉस्पिटलच्या दाराशी माझे पाय खरोखरच अडले. भाच्याला म्हटलं, तू हो पुढे, मी पान खाऊन येतो. मी पान खात नाही हे त्याला माहीत आहे. तो फक्त थांबला. मग सूनबाई आतून आली आणि म्हणाली, "मामा, आईंच्या गाऊनला मागच्या नाड्या नाहीत. तुमच्याकडे सुई आहे का?" सुई माझ्या पाकिटात नेहमीच असते. मी आत गेलो तो त्या नाड्यांपायी. वरच्या मजल्यावर पोचल्यावर लक्षात आलं की आपण चोवीस पायऱ्या चढलो.

तू पलंगावर पाठमोरी बसलेली, मागे उघडा गाऊन, आणि मी टाके घालतोय. पाठीचे मणके मोजता येत होते. तू म्हणालीस, "घट्ट शिव, यांच्यासमोर माझी अब्रू आहे." नर्स हसली. मी तुझ्या मागे होतो म्हणून बरं झालं, माझं तोंड तुला दिसलं नाही.

मग तुला आत नेलं आणि मी आणि भाचा बाकावर बसलो. एक तास दहा मिनिटं. आपण दोघांनी तिला फसवलं, हे आमच्या दोघांच्या मधल्या जागेत बसलेलं होतं. पन्नास मिनिटांनी तो म्हणाला, "मामा, मी आईला वाचवतच होतो ना?" मी म्हटलं, "नाही रे. आपण आपल्याला वाचवत होतो." त्याने मान हलवली. तेवढंच.

बाई बाहेर आल्या, टोपी काढली. मी उठून उभा राहिलो, कारण बसून ऐकण्याचं धैर्य नव्हतं. त्या म्हणाल्या, "नळी साफ आहे. एक कणही नाही. आता स्टेंटची गरज नाही." मला नीट कळलं नाही, मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा भाच्याने मला धरून खाली बसवलं.

हॉस्पिटलातून माणसं चालत बाहेरही येतात, हे सत्तराव्या वर्षी कळलं. उशीर झाला, पण कळलं.

पित्ताशयाच्या ऑपरेशनाला बोलावशील तर येईन. बोलावलं नाहीस तर इथे बसून घाबरेन, तेही मला जमतं.

धाकटा


३० मे

धाकट्या,

पित्ताशय गेलं. परवाच्या मंगळवारी काढलं, चार छोट्या भोकांतून. तुला मुद्दाम कळवलं नाही. आधी कळवलं असतं तर तू दुकानाला पुन्हा पाटी लावली असतीस आणि लग्नसराईत लोकांनी माझ्या नावाने खडे फोडले असते. हे लपवणं नव्हे. लपवणं म्हणजे तुझ्या पोटातलं तुला न सांगणं. हे माझ्या पोटातलं होतं.

घरात वाद झालाच. हृदयवाले हो म्हणाले, दुर्बिणवाल्या बाई हो म्हणाल्या, आणि मोठे डॉक्टर म्हणाले, या वयात आता आणखी कशाला. या खेपेला ते माझ्याकडे बघून म्हणाले, हे लिहून ठेवण्यासारखं. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही मला चार-पाच वर्षं दिलीत, त्याबद्दल आभार. ती मला तापाशिवाय हवी आहेत. पाच वर्षांचं आयुष्य असलेल्या माणसाने तीन-तीन महिन्यांनी इथे येऊन झोपायचं, हा तुमचा हिशेब मला पटत नाही. आणि सहावं वर्ष लागलं तर मी तुम्हाला येऊन भेटेन." ते रागावले नाहीत. माणूस वाईट नाही रे, त्यांना फक्त म्हाताऱ्यांनी उलट बोलायची सवय नाही.

ऑपरेशनाच्या दुसऱ्या दिवशी ते फेरीवर आले, मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टरांचा ताफा. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून फाईल बघत त्यांनी मुलाला विचारलं, "रात्र कशी गेली? दुखतंय का आईंना?"

मास्तर खुर्चीत बसून शाळेचे पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "तिलाच विचारा."

लाल पेन चालूच.

डॉक्टर पलंगाच्या बाजूने फिरून माझ्या उशाशी आले. वाकले. मोठ्याने आणि सावकाश म्हणाले, "कसं वाटतंय?" आणि मी सांगितलं. कुठे दुखतं, कुठे नाही, कुठला टाका ओढतो, कुठली गोळी घेतली की मळमळतं. सगळं. शिकाऊ पोरी भराभर लिहून घेत होत्या.

आता घरी आहे. जिना एका दमात चढते, खाली उतरताना सून मागून गाऊन धरते, ते मी चालवून घेते. कारखान्यातल्या नव्या मुलांना ड्रॉइंग वाचायला शिकवाल का, असा निरोप आला होता. आठवड्यातून दोन दिवस. हो कळवून टाकलं. घरात विचारलं नाही. सांगितलं.

ताई